नग

फॉल्स सीलिंग करायचं ठरलं, म्हणून माळा उतरवला.
कांजूरमार्गच्या तीनशे नव्वद फुटांत
सोफ्यावर, ओट्यावर, फ्रिजवर
गोधड्याच गोधड्या.
ओजस म्हणाला, आत्या, तू सांगत जा, मी टाइप करतो.
त्याने तक्ता आखला:
नग, लांबी, रुंदी, वजन, कोणी शिवली, साल, शेरा.

ताणकाटा रद्दीवाल्याचा आणला.
त्याला वाटलं विकायच्यात. दारातून हलेना,
शेवटी त्याला चहा दिला.

नग एक. वर आईचं लग्नातलं पातळ, आत आजोबांची धोतरं.
चार किलो दोनशे.
हे काही खरं नाही, मी म्हटलं, आषाढात तोल, पाच भरेल.
त्याने दोन्ही आकडे लिहिले.
पोरगा सरळ आहे.

नग दोन, चिंध्यांची.
मिलच्या गेटवर शेरावर मिळायच्या त्या,
छापताना रंग सरकलेल्या.
हौसाकाकूने फुलं जुळवायचा हट्ट धरला नाही:
देठ एकीकडे, पाकळी भलतीकडे,
आणि त्या बागेत आम्ही चौघं आडवे,
बारक्याचे पाय कायम बाहेर.
शेरा? लिही, मुताचा डाग, मालक अज्ञात.
(बारक्याचाच. पण तो आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे.)

नग तीन पुरुषाच्या हातची.
भाऊकाका आठ महिने शिवडीला होते, टीबीच्या वॉर्डात.
शेजारच्या खाटेवर एक शिंपी,
त्याने सुई धरायला शिकवलं.
धावदोरा असा की फूटपट्टी लाजेल.
फक्त डाव्या कोपऱ्यात वीतभर
टाके वाकडे होतात, एकमेकांवर चढतात,
मग पुन्हा सरळ, पण दोरा वेगळा, काळा.
त्या वीतभरात शिंप्याची खाट रिकामी झाली.

ओजस टेप घेऊन ढिगात शोधायला लागला.
कुठाय?
नाही रे. घरी नेऊ देईनात.
तिथेच आवारात रॉकेल टाकून जाळली.
मग तू टाके कसे सांगतेस?
आईने सांगितले. आईला काकांनी.
तो थोडा वेळ नुसता कीबोर्डवर बोटं ठेवून बसला.
लांबी, रुंदी, वजन
रिकामं सोडलं. पण ओळ ठेवली.

पुढच्या भराभर झाल्या.
चौघडी, दुपटी, एक वाकळ, दोन घोंगड्या
(घोंगडी धरायची का, यावर वाद),
आणि वहिनीच्या माहेरची, तिला कोणी हात लावायचा नाही.

नग अकरा सगळ्यांत जड. काट्याचा आकडा सरळ झाला.
कड उसवलेली, त्यातून दुसऱ्या गोधडीची कड,
तिच्या फटीतून तिसरीची.
आईने जुनी कधी टाकलीच नाही,
तिच्यावरच नवी चढवत गेली.
ओजसने मोबाइलचा टॉर्च मारला.
आत निळं आहे, म्हणाला. त्याच्याही आत काहीतरी आहे.
एक लिहू की तीन?
मी हात घातला, कोपरापर्यंत गेला.
सकाळी गच्चीवर टाकली होती,
ऊन अजून आत होतं.
एकच लिही.

मिस्त्री आला, म्हणाला नऊ इंच खाली येईल छत.
मग ह्या कुठे?
ओजसने हवा काढायच्या पिशव्या मागवल्या होत्या.
पंप लावला, नग चारचा पापड झाला,
आतली जुनी लुगडी प्लास्टिकला चिकटून
श्वास कोंडल्यासारखी.
मी झिप ओढली.
ती उठून बसायला बराच वेळ लागला.

रात्री जागा नव्हती,
म्हणून सगळ्या एकावर एक घालून
त्यांवरच झोपलो, मी, वहिनी, ओजस,
पंखा हाताला लागेल इतक्या उंच.

सकाळी लॅपटॉप उघडाच होता.
तक्त्यात तळाला एक ओळ वाढलेली:
नग बावीस. एसीतली, पॉलिएस्टर, ओजसची.
एक किलो शंभर.
लेबलवर नुसतं भिवंडी.
कोणी शिवली, या रकान्यात
त्याने काहीतरी लिहून खोडलं असावं,
कारण कर्सर तिथेच
लुकलुकत होता.